उन्हाच्या कलानं

"आमचे केस काही उन्हानं पांढरे झालेले नाहीत," असं ऐकवणाऱ्या मंडळींची मराठी मुलखात कधीच टंचाई पडली नाही. हे वाक्य बहुधा वयानं मोठा माणूस लहानाला ऐकवतो, आणि वादात हरत आलेला माणूस जिंकत आलेल्याला ऐकवतो. त्यात अनुभवाची बढाई जेवढी आहे तेवढीच उन्हाची बेअदबी आहे. ऊन म्हणजे काय, तर फुकट पडणारी वस्तू. त्यानं फार तर पापड वाळतील, गादीतले ढेकूण बाहेर येतील आणि मे महिन्यात एखाद्याला घेरी येईल. याहून अधिक कर्तबगारीची अपेक्षा आपण उन्हाकडून ठेवत नाही.

आणि हे ऊन चक्क ढकलतं. कवितेत ढकलावं तसं नव्हे, बसच्या रांगेतला मागचा माणूस ढकलतो तसं.

तुम्ही म्हणाल, आम्ही जन्मभर उन्हात उभे आहोत, आम्हाला कुणी ढकललं नाही. त्याचं कारण, हा धक्का फार सभ्य आहे. पृथ्वी सूर्यापासून जेवढी दूर आहे तेवढ्या अंतरावर एक चौरस मीटरचा लख्ख आरसा सूर्याकडे तोंड करून धरला, तर त्याच्यावर सुमारे ९ मायक्रोन्यूटन एवढा जोर पडतो. शब्दाला घाबरू नका. तळहातावर खसखशीचे दोन-तीन दाणे ठेवले तर जेवढा भार होईल, तेवढाच हा. आरसा एक चौरस किलोमीटरचा केला तरी एकूण जोर किलोभर साखरेच्या वजनाइतकासुद्धा भरत नाही. वाण्यानं एवढ्यासाठी तराजू काढला नसता.

पण वर अवकाशात अडवायला वारा नाही, घासायला जमीन नाही, आणि सूर्याला रविवारची सुट्टी नाही. खसखशीचे ते दाणे रात्रंदिवस, महिनोन्‌महिने ढकलत राहिले की शेकडो किलोंचं यान वाट बदलतं. हे पहिल्यांदा ज्याच्या मनात आलं तो योहानेस केप्लर. धूमकेतूची शेपटी नेहमी सूर्याच्या उलट दिशेला का असते, याचा विचार करताना त्यानं सूर्याच्या किरणांकडे बोट दाखवलं, आणि १६१० साली गॅलिलिओला लिहिलेल्या पत्रात आकाशातल्या वाऱ्यावर चालणाऱ्या शिडाच्या जहाजांची कल्पना करून टाकली. पुढे १८७३ साली मॅक्सवेलनं गणितानं सांगितलं की प्रकाशाला दाब असलाच पाहिजे. १९०१ साली रशियात लेबेदेव आणि अमेरिकेत निकल्स व हल यांनी तो प्रयोगशाळेत मोजूनही दाखवला. म्हणजे कल्पना सुचल्यापासून मोजमाप होईपर्यंत जवळजवळ तीनशे वर्षं गेली. आमच्या इमारतीच्या गच्चीची गळतीसुद्धा याच वेगानं मार्गी लागते आहे.

आता एवढा खटाटोप कशासाठी? तर अवकाशयानाचं आयुष्य पुष्कळदा त्याच्या पोटातल्या इंधनावर ठरतं. यंत्रं ठणठणीत असतात, कॅमेरा चालू असतो, पण वळायला, सरळ राहायला दोन फुंकरी मारायच्या तर इंधन उरलेलं नसतं. वाटेत पेट्रोल पंप नाही. अशा वेळी उन्हाचा उपयोग होतो. १९७३ च्या नोव्हेंबरात निघालेलं मरीनर-१० हे यान बुधाकडे चाललं होतं. तोल सांभाळायला बरोबर घेतलेला नायट्रोजन वाटेतच फार खर्च झाला. तेव्हा इंजिनीअरांनी यानाचे सौरपंखे आणि अँटेना अशा बेतानं तिरके केले की तोलाचं बरंचसं काम उन्हाच्या दाबानंच केलं. मार्च १९७५ पर्यंत ते यान बुधाला एकदा सोडून तीनदा भेटून आलं. आपल्याकडे इतक्या तिरकेपणावर माणूस एकाच घरी तीनदा जाऊ शकत नाही.

हे सगळं मी एकदा उत्साहानं घरी सांगत होतो. ही तांदूळ निवडत होती. सगळं ऐकून घेतलं आणि तिनं विचारलं, "ऊन ढकलणार ते सूर्यापासून लांबच ना? मग ज्याला सूर्याकडे यायचं असेल त्यानं काय करायचं?"

तांदूळ निवडणाऱ्या बाईचे प्रश्न नेहमी खड्यासारखे नेमके असतात. जो सतत लांब लोटतो त्याच्याच जोरावर त्याच्या जवळ कसं जायचं? गंमत म्हणजे हे जमतं. यान सूर्याभोवती फिरत असतं, आणि त्या फिरण्याच्या वेगामुळेच ते सूर्यात पडत नाही. शीड असं तिरकं धरायचं की त्याच्यावर आपटलेला प्रकाश यानाच्या पुढच्या बाजूला परतेल. प्रकाश पुढे गेला की यान मागे रेटलं जातं, त्याचा वेग किंचित कमी होतो, आणि सूर्याचं आकर्षण त्याला थोडं आत ओढतं. असं करत करत ते फेऱ्या घालत सूर्याकडे येतं. शीड उलट्या अंगाला तिरकं केलं, प्रकाश मागे परतवला, की वेग वाढतो आणि फेऱ्या घेत ते बाहेर जातं. ऊन तेच, जोरही जवळपास तोच. आत जायचं की बाहेर, हे फक्त शिडाच्या कलावर.

कल! या शब्दाशी मी बराच वेळ अडलो. मराठीत भिंतीला कल असतो, मुलाचा कल गणिताकडे असतो किंवा (बहुधा) नसतो, दुपारनंतर उन्हं कलतात, आणि तापट माणसाशी त्याच्या कलानं घ्यावं लागतं. शब्द एवढासा, पण यान चालवायची सगळी विद्या त्यात बसते. लाइटसेल-२ नावाचा पाच किलोंचा उपग्रह २०१९ साली पृथ्वीभोवती फिरत होता. त्याचं शीड ३२ चौरस मीटरचं, म्हणजे आमच्या पहिल्या बिऱ्हाडाएवढं. सूर्यापासून दूर जाताना त्यानं छाती काढून उभं राहायचं आणि सूर्याकडे येताना अंग चोरायचं, असं दर फेरीला, म्हणजे दर शंभरेक मिनिटांनी चाललेलं. एवढ्या कसरतीनं पहिल्या आठवड्यात त्याच्या कक्षेचं दूरचं टोक दोनेक किलोमीटर वर गेलं.

ही विद्या आमच्या काकूला कुणी शिकवली नव्हती, तरी तिला ती येत होती. काकांना तंबाखूचं व्यसन. त्यांच्यावर ओरडून पाहिलेले सगळे जण थकले होते. काकू ओरडली नाही. काकांची चंची खुर्चीच्या हाताशी असायची, ती तिनं खिडकीत ठेवायला सुरुवात केली. महिन्याभरानं खिडकीतून कोनाड्यात, कोनाड्यातून फडताळावर, फडताळावरून आतल्या खोलीतल्या मांडणीवर. विचारलं तर "झाडताना ठेवली असेल" म्हणायची. दोन वर्षांनी चंची माळ्यावर पोचली आणि शिडी शेजाऱ्यांकडे. एका संध्याकाळी काकांनी जाहीर केलं की आपण आजपासून तंबाखू सोडली. पुढे वीस वर्षं ते जमेल त्या माणसाला सांगत, "मनाचा निग्रह पाहिजे! एका दिवसात सोडली." काकू आत भाकऱ्या थापत असायची. तिच्या थापण्याच्या लयीतसुद्धा कधी फरक पडला नाही.

इथे माझ्या मनात खरा प्रश्न उभा राहतो. तंबाखू सोडली कुणी? काका म्हणतात मी. शिडावरचं यानही, त्याला तोंड असतं तर, असंच म्हणालं असतं.

आमच्या शेजारचे अण्णा मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झाले. त्यांच्या पंचाहत्तरीला झालेल्या सत्काराला मी होतो. शाल, श्रीफळ, मग उत्तराचं भाषण. "मी जो काही आहे तो स्वतःच्या हिमतीवर," ते म्हणाले. "मला कुणी ढकललं नाही." टाळ्या पडल्या. पहिल्या रांगेत त्यांचे थोरले भाऊ बसले होते. गावाकडची शेती एकट्यानं सांभाळून त्यांनी अण्णांना पुण्याला दरमहा मनीऑर्डर पाठवलेली. त्यांनीही टाळ्या वाजवल्या, आणि तेवढ्याच मनापासून. खसखशीचा दाणा कधी तक्रार करत नाही.

अण्णा खोटं बोलत होते असं मला वाटत नाही. धक्का इतका हलका असतो की ज्याला बसतो त्याला तो खरोखरच जाणवत नाही. व्हॅनगार्ड-१ हा अमेरिकेचा दीड किलोंचा चिमुकला उपग्रह १९५८ साली वर गेला. त्याची कक्षा हिशेबाबरहुकूम राहीना. पृथ्वी, चंद्र, हवा सगळं धरून झालं, तरी बाकी उरेचना म्हणता उरे. शेवटी ध्यानात आलं की हिशेबात ऊन धरायचं राहून गेलंय. आपल्या आयुष्याच्या हिशेबातही असंच काहीतरी मांडायचं राहिलेलं असतं. गणिताचे मास्तर, शेजारची पेटी शिकवणारी बाई, कर्जाला जामीन राहिलेला मित्र, रोज सकाळी न विचारता डबा भरणारं माणूस. ज्याच्या हिशेबात ही रक्कम नाही, त्याला आपली कक्षा स्वतःच आखली असं वाटलं तर नवल नाही.

मग माणसाचं स्वतःचं असं काहीच नाही का? आहे, आणि तेही थोडंथोडकं नाही. उन्हाचा धक्का सगळ्यांनाच बसतो. एक जण त्यानं भलतीकडे वाहत जातो, दुसरा त्याच धक्क्यावर जिथे पोचायचं तिथे पोचतो. काकूची चंची अनेक काकांच्या घरी माळ्यावर गेली असेल, आणि अनेक काकांनी नवी चंची विकत आणली असेल. आमच्या काकांनी आणली नाही. एवढा कल त्यांचा. तेवढं श्रेय मी त्यांना द्यायला तयार आहे. वीस वर्षांच्या व्याख्यानांचं नाही.

आमचे काही मित्र प्रयत्नवादी आहेत. त्यांचं म्हणणं, कल महत्त्वाचा म्हणजे सगळं आपल्याच हातात! प्रत्येकानं आपलं शीड नीट धरलं की झालं! हे मित्र बहुधा उन्हातच राहणारे असतात. प्रकाशाचा नियम मात्र कडक आहे. सूर्यापासूनचं अंतर दुप्पट झालं की दाब चौथाई होतो. गुरूपाशी गेलं तर इथल्या मानानं सत्तावीसावा हिस्सा उरतो. आणि सावलीत शून्य. सावलीत उभ्या असलेल्याला "तू शीड नीट धरत नाहीस" म्हणणं हा क्रूरपणा आहे, आणि तो फार सुशिक्षित आवाजात केला जातो.

बरं, उन्हात असूनही शीड न उघडलेलेही असतात. ही गोष्ट तर आपल्या घरची. इन्सॅट-१ मालिकेतल्या उपग्रहांना सौरपंखा एकाच बाजूला होता, कारण हवामानाची चित्रं घेणारं उपकरण थंड ठेवायला दुसऱ्या बाजूचं काळोखं आकाश मोकळं हवं होतं. मग एकाच अंगाला उन्हाचा रेटा बसून उपग्रह कलंडायचा. तो तोल साधायला दुसऱ्या बाजूला लांब दांडीवर एक छोटं शीड लावलेलं. एका खांद्यावर दप्तर असेल तर दुसऱ्या हातात पिशवी घ्यावी, तसं. १० एप्रिल १९८२ ला इन्सॅट-१ए वर गेला, आणि ते शीड उघडलंच नाही. तोल सावरण्यात आणि इतर अडचणींत इंधन खर्ची पडलं, आणि सप्टेंबरात त्याचा नाद सोडावा लागला. पुढच्या वर्षी ३० ऑगस्टला इन्सॅट-१बी गेला. त्याचीही सुरुवात रडतखडतच झाली, पण तो सावरला आणि वर्षानुवर्षं काम करत राहिला. संध्याकाळच्या बातम्यांत दूरदर्शनवर ढगांची चित्रं दिसू लागली, आणि उद्या पाऊस नाही हे आम्हाला घरबसल्या कळू लागलं. पाऊस मग पडायचाच, तो भाग निराळा. पण दोन भावंडं, एकाच घडणीची. एकाचं शीड उघडलं, एकाचं नाही. पहिल्याला नालायक म्हणायला माझी जीभ धजत नाही. प्रत्येक कुटुंबात असा एक इन्सॅट-१ए असतो, आणि त्याच्याविषयी दिवाळीत हलक्या आवाजात बोलतात.

आणखी एक गोष्ट प्रयत्नवादी विसरतात. उन्हाच्या शिडावर आजवर एकही यान जमिनीवरून उठलेलं नाही. आधी रॉकेट लागतं. टनावारी इंधन काही मिनिटांत जाळून ते यानाला पृथ्वीच्या मिठीतून वर काढतं, आणि मग त्याचा रिकामा खालचा टप्पा सुटून समुद्रात पडतो. वरच्या यानाचं चकाकतं शीड वर्तमानपत्रात छापून येतं. समुद्रात पडलेल्याचा फोटो कुणी मागत नाही. माझे वडील कारकून होते. आम्हा तीन भावंडांच्या शिक्षणासाठी आधी आईच्या पाटल्या गेल्या, मग वडिलांची सायकल गेली आणि मग त्यांचे डोळे गेले, कारण संध्याकाळी ते दुकानांच्या वह्या लिहीत. आज मी आरामखुर्चीत बसून उन्हाच्या दाबावर चिंतन करू शकतो ते ज्या उंचीवरून, तिथवर मी उन्हानं आलेलो नाही. कुणीतरी जळत होतं.

असं मनात आलं की माणूस गंभीर होतो, आणि गंभीर माणसाला घरात कुणी चहा विचारत नाही. म्हणून शेवटी एक दिलासा सांगतो. केप्लरचंच नाव दिलेली एक दुर्बीण २००९ साली अवकाशात गेली. दूरच्या ताऱ्यांभोवतीचे ग्रह शोधणं हे तिचं काम. एका जागी स्थिर नजर ठेवायला तिला चार चाकं होती, निदान तीन तरी चालू हवीत. २०१३ च्या मे महिन्यात दुसरंही चाक बंद पडलं. उरली दोन. म्हणजे गुडघे गेले. आता घरी बसा. पण २०१४ साली तिच्या सांभाळकर्त्यांनी तिला अशा बेतानं उन्हात धरलं की दोन्ही अंगांवर उन्हाचा दाब सारखा पडावा. दोन चाकं आणि तिसरं ऊन. अधूनमधून थोडी इंधनाची फुंकर लागे, आणि दर ऐंशीएक दिवसांनी नजर दुसरीकडे वळवावी लागे. पूर्वीसारखं एकाच दिशेला वर्षानुवर्षं टक लावणं संपलं. पण या निवृत्तीनंतरच्या नोकरीत तिनं आणखी शेकडो ग्रह शोधले, आणि ऑक्टोबर २०१८ मध्ये इंधन पुरतं संपलं तेव्हाच डोळे मिटले. निवृत्त मंडळींनी ही हकीकत चौकट करून लावावी. गुडघे गेले तरी उन्हात कसं बसायचं हे कळलं, की बरंच काही दिसतं.

आणि केसांचं म्हणाल, तर त्यातही थोडी भर घालतो. काळा पृष्ठभाग ऊन सगळं पिऊन टाकतो, त्याला एकपट धक्का बसतो. आरसा आलेलं ऊन जसंच्या तसं परत करतो, त्याला दुप्पट. जपानच्या इकारोस यानानं २०१० साली याच तत्त्वावर वळून दाखवलं. चौदा मीटर बाजूच्या त्याच्या चौकोनी शिडाच्या कडेला अशा पट्ट्या होत्या की वीज दिली की चकाकायच्या, बंद केली की मलूल व्हायच्या. एका कडेला चकाकी, दुसऱ्या कडेला मलूलपणा, की यान इंधनाचा थेंब न खर्चता वळायचं. त्या तीनशे किलोंवरच्या यानावर उन्हाचा एकूण जोर किती, तर सराफाच्या तराजूत जेमतेम एक गुंज. तेवढ्यावर स्वारी वाट काढत शुक्राजवळून गेली. घेतलं ते सगळं ठेवून घेणाऱ्यापेक्षा परत देणाऱ्याला अधिक गती मिळते, हे एरवी कीर्तनात ऐकलं असतं तर मी मान डोलावून घरी आलो असतो. पण हे पदार्थविज्ञान आहे, त्यामुळे वाद घालायची सोय नाही.

माझ्या पंचाहत्तरीला अजून अवकाश आहे. सत्कार होईलच असंही नाही. पण वेळ आली तर फजिती नको म्हणून मी भाषण आत्ताच तयार करून ठेवलं आहे. त्यात अण्णांसारखं 'स्वतःच्या हिमतीवर' कुठे नाही. वडिलांचं जळणं आहे, मास्तरांचे आणि मित्रांचे खसखशीचे दाणे आहेत, आणि शेवटी एकच वाक्य: "मला ढकललं या सगळ्यांनी, मी आपला वेळोवेळी कलत गेलो."

भाषण हिला वाचून दाखवलं. शेवटच्या वाक्याशी ती थांबली.

"कुणाच्या कलानं?" तिनं विचारलं.